हातात न आलेला पगार

नोकरदाराला पगार विचारण्याची आपल्याकडे दोन पायऱ्यांची रीत आहे. आधी ‘पगार किती?’ आणि उत्तर आलं की आवाज थोडा खाली आणून, ‘हातात किती पडतात?’ लग्नाच्या बैठकीत तर दुसऱ्या आकड्यालाच वजन. नाशिकरोडच्या पलीकडे, गोदावरीच्या काठावर असलेल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, म्हणजे तिथल्या बोलीत नुसत्या ‘थर्मल’मध्ये, या दोन आकड्यांमधलं अंतर अर्धशतकाहून अधिक काळ घराघरात मोजलं गेलं आहे. या अंतराचं नाव कपात. मूळ पगाराला जेवढ्या नोंदी, त्याच्या दुप्पट नोंदी कपातीच्या. आणि पगाराच्या दिवशी शिव्या खाल्लेल्या याच नोंदींनी पुढे कॉलनीतल्या अनेकांची घरं बांधली.

नाशिककरांना पैशाचं अप्रूप नसावं असा हा परिसर. नाशिकरोडला १९२५ मध्ये सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १९२८ मध्ये शेजारीच नोटांचा छापखाना उभा राहिला आणि पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट इथे छापली गेली. नोटा, तिकिटं, स्टॅम्प पेपर, पोस्टल ऑर्डर, पुढे किसान विकास पत्रं, म्हणजे देशभरचे लोक जपून ट्रंकेत ठेवतील असला बहुतेक कागद या गावातून बाहेर पडला. प्रेसच्या कामगाराच्या डोळ्यांखालून रोज कोट्यवधी जात आणि संध्याकाळी झडती देऊन तो आपल्या पगाराच्या चिंतेसकट घरी येई. पैसा छापला जातो त्या गावात पैशाची अक्कलही आपोआप येते, असं काही नसतं.

एकलहरे आणि आजूबाजूच्या गावांत थर्मलच्या आधी ही अक्कल वेगळ्या शाळेत शिकली जाई. शेतकऱ्याचं उत्पन्न वर्षाचं, खर्च रोजचा आणि मधला खड्डा भरणारा सावकार किंवा किराणा दुकानाचं खातं. या शाळेतला सगळ्यात जुना धडा म्हणजे दामदुप्पट. आज हा शब्द जाहिरातीत दिसतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मुळात तो कर्जदाराची ढाल होता. धर्मशास्त्राचा दंडक असा, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये; शंभर दिलेस तर फार तर दोनशे माग. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत हा नियम मानला. मात्र कर्जाचं खत कुणाला वाचता येत होतं? जुनं खत फाडून व्याजासकट नवं मुद्दल लिहून घेतलं की दामदुपटीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि चोपड्या जाळल्या, त्यामागे हाच राग होता. दंगा पुणे-नगरकडचा, पण त्यातून १८७९ चा जो दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला, तो पुढे इलाख्यात इतरत्रही लागू झाला. या कायद्याकडे कर्जमुक्तीचा कायदा म्हणून पाहिलं जातं, पण त्यातली एक तरतूद फारशी कुणाच्या लक्षात नाही. सावकाराने कुळाला पैशाची पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा आणि मागितलं तर पासबुक द्यायचं. कर्जदाराच्या हातात त्याचा स्वतःचा हिशेब असला पाहिजे, हे सरकारदरबारी लिहिलं गेलं ते असं. तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली आणि पासबुक या शब्दाला दुसरा, जरा हसरा अर्थ मिळाला. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठा आला. गावोगावची ‘सोसायटी’ त्याच झाडाची फांदी.

मग धुराडी आली.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि दहा वर्षांत एकलहऱ्याला पहिला संच सुरू झाला. १९७० आणि ७१ मध्ये दोन संच, मग १९७९ ते ८१ या काळात दोनशे दहा मेगावॅटचे आणखी तीन. जमिनी संपादित झाल्या. त्या वेळच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर १५ टक्के दिलासा रक्कम मिळे. ती ३० टक्के झाली १९८४ च्या दुरुस्तीने, तोवर इथली धुराडी कधीच धूर सोडू लागली होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कधी एकरकमी पैसा पाहिला नाही, त्यांच्यापुढे मोबदल्याचा चेक आला. जमीन देऊन पैसा घेतलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाची गोष्ट घ्या: थोडं सोनं, थोडं लग्न, एक मोटारसायकल, आणि ज्याने दुसरीकडे जमीन घेतली तोच पुढे टिकला. या एकरकमी चेकची आठवण ठेवावी. तीस-पस्तीस वर्षांनी तो दुसऱ्या वेशात परत येणार आहे.

जमिनीच्या बदल्यात खरी मोठी गोष्ट आली ती नोकरीची, म्हणजे महिन्याच्या पगाराची. खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून माणसं कॉलनीच्या क्वार्टर्समध्ये राहायला आली आणि प्रत्येकाच्या हातात दर महिन्याला एक लांबट कागद पडू लागला.

हा कागद जवळून पाहण्यासारखा आहे. डावीकडे मूळ वेतन, महागाई भत्ता, शिफ्टचा भत्ता, ओव्हरटाइम. उजवीकडे कपात, आणि ती बाजू वाचता येणं म्हणजे अर्धं अर्थशास्त्र शिकणं. पहिली नोंद भविष्य निर्वाह निधीची. मंडळाच्या लोकांच्या तोंडी ‘सीपीएफ’. मग क्वार्टरचं भाडं, युनियनची वर्गणी, कामगार कल्याण निधी, दिवाळीला घेतलेल्या फेस्टिव्हल अॅडव्हान्सचा हप्ता. १९७५ पासून आणखी एक बारीक नोंद आली: व्यवसाय कर. आज तो बहुतेकांचा महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० असतो. ‘हा कशाचा?’ म्हणून अजूनही नवखे विचारतात. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायचा म्हणून तो लागू झाला. बाहत्तरच्या दुष्काळानंतर कुठेतरी खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत एकलहऱ्याच्या बॉयलरवरच्या माणसाचे पाच-दहा रुपये होते. पगारपत्रकावर हे लिहिलेलं नसे, नाहीतर ती नोंद थोडी कमी टोचली असती.

सीपीएफची नोंद मात्र सगळ्यात जास्त टोचे, कारण ती मोठी असे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा; सुरुवातीला कामगाराकडून सव्वासहा टक्के आणि तेवढेच मालकाकडून. आज दोन्हीकडून १२. तरुणपणी, मुलांच्या दुधाचा प्रश्न असताना, हे पैसे कापले जाणं म्हणजे अन्याय वाटे. त्या अन्यायाचा हिशेब करून पाहू. १९८९-९० पासून जवळजवळ दहा-अकरा वर्षं देशात भविष्य निधीवर १२ टक्के व्याज होतं. समजा एखाद्याचे स्वतःचे ५०० आणि मालकाचे ५०० असे महिना हजार जमा होत राहिले. दहा वर्षांत भरले गेले १ लाख २० हजार. खात्यावर दिसणार सुमारे २ लाख २२ हजार. वरचे लाखभर रुपये कुणी कमावले? कुणीच नाही. त्यांना फक्त हात लावता आला नाही. त्या दशकात महागाईही नऊ-दहा टक्क्यांनी खात होती हे खरं, आणि ती बाजू कुठल्याही पगारपत्रकावर छापलेली नसते हेही खरं. तरी चक्रवाढ म्हणजे काय, हे सातवीच्या गणिताच्या पुस्तकाने जे शिकवलं नाही ते वर्षअखेरच्या सीपीएफच्या चिठ्ठीने शिकवलं.

त्याखालची नोंद ‘सोसायटी’. गावच्या शेतीच्या सोसायटीशी तिचा संबंध नाही. ही कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था. महिना वर्गणी कापली जाई, शेअर जमा होत, दिवाळीच्या आधी लाभांश मिळे. सहकार कायद्याने लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा घातलेली, तरी लोक त्या दोनचार हजारांची वर्षभर वाट पाहत. कर्ज मात्र चटकन मिळे आणि त्याचं इंगित कायद्यात होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४९ सांगतं, की सभासदाने तसं लिहून दिलं तर मालकाने त्याच्या पगारातून संस्थेचा हप्ता कापून संस्थेकडे भरायचा. कर्ज बुडण्याची शक्यता संस्थेने अशी कागदावरच संपवली. सावकाराला जे जमलं नाही ते.

पण कर्जाला दोन जामीनदार लागत. एका खात्यातले, एकाच शिफ्टमधले, एका क्वार्टरच्या जिन्यातले लोक एकमेकांना जामीन राहत. नाही म्हणायचं कसं? मग कधी मूळ कर्जदार नोकरी सोडून जाई, निलंबित होई किंवा दारूत बुडे, आणि एका पहिल्या तारखेला जामीनदाराच्या पगारपत्रकात नवी नोंद उगवे. बायको विचारे, ‘हे कसले?’ जामीन म्हणजे सही नव्हे, कर्जच, हा धडा एकलहऱ्यातच नव्हे, महाराष्ट्रातल्या प्रत्येक कारखान्याच्या वसाहतीत असाच, पैसे मोजून घेतला गेला आहे. आणखी एक बारकावा पुष्कळांना उशिरा कळला. सहकारी बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं. १९९३ पासून एक लाखाचं, २०२० पासून पाच लाखांचं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर दोन्हीकडे ‘सहकारी’ हाच शब्द असतो, आणि काउंटरच्या अलीकडून फरक दिसत नाही.

मग एलआयसी. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्या सप्टेंबरात अडीचशेच्या आसपास खासगी कंपन्या नि संस्था मिळून एक महामंडळ झालं. पगारातून हप्ता कापणारी योजना कॉलनीत फार चालली. एजंट बहुधा ओळखीतला, म्हणजे कुणाचा मेहुणा, निवृत्त मास्तर किंवा खात्यातल्याच कुणाची पत्नी. बदली झाली, पगार दुसऱ्या केंद्रातून निघू लागला की एखाद-दोन हप्ते कापायचे राहून जात. त्याला ‘गॅप पडला’ म्हणत आणि तो गॅप पॉलिसी संपताना व्याजासह उभा राही. विम्याच्या या पॉलिसींनी मधल्या काळात विमा कमी नि बचत जास्त असं रूप घेतलं. परतावा वर्षाला पाच-सहा टक्क्यांपलीकडे क्वचितच जाई. पण लोकांना वीस वर्षांनी मिळणारा ठोक आकडा दिसे, टक्के दिसत नसत. इथे एजंटाला दोष देण्यात अर्थ नाही. टक्के विचारणारं गिऱ्हाईकच विरळा होतं.

टक्के न सांगता आकडा सांगण्याची ही कला सरकारलाही अवगत होती. १९८६ मध्ये इंदिरा विकास पत्र आलं, पाच वर्षांत दुप्पट. १९८८ मध्ये किसान विकास पत्र, साडेपाच वर्षांत दुप्पट. कर्जदाराची जुनी ढाल आता गुंतवणूकदाराचं आमिष झाली. इंदिरा विकास पत्राची गंमत अशी, की त्यावर मालकाचं नावच नसे. निम्म्या किमतीत घ्यायचं आणि मुदतीनंतर ज्याच्या हातात असेल त्याने पूर्ण पैसे घ्यायचे. हरवलं तर नोट हरवल्यासारखंच. वाळवीने खाल्लं तरी तेच. साड्यांच्या घडीत, देवघरातल्या फोटोमागे, गव्हाच्या कोठीत अशी पत्रं जपली गेली. व्याजाचा हिशेब पाहणाऱ्यांसाठी एक सोपा आडाखा आहे: ७२ ला दराने भागलं की किती वर्षांत दुप्पट ते कळतं. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे तेरा टक्क्यांवरचा दर. आज तेच किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांचं आहे आणि दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. २०१६ पासून छापील पत्रंही बंद झाली. नाशिकरोडच्या छापखान्याचा एक सुंदर कागद पासबुकातल्या एका ओळीत विरघळला.

घरातल्या बायकांचा हिशेब याला समांतर, आणि पगारपत्रकाच्या बाहेरचा. नवऱ्याने हातात ठेवलेल्या रकमेतून भाजी, दूध, गॅस, शाळा भागवून जे उरे ते डाळीच्या डब्यात. त्या डब्याचा पुढचा मुक्काम भिशी. चिठ्ठीची भिशी साधी: वीस जणी, पाचशे रुपये, दर महिन्याला चिठ्ठी निघेल तिला दहा हजार. त्यात व्याज नाही, फक्त आपला नंबर कधी लागतो याची उत्कंठा आणि चहा-चिवडा. लिलावाची भिशी मात्र वेगळी. पहिल्या महिन्यात एखादीला घाई असते; ती म्हणते, मला साडेआठ हजारच द्या. उरलेले दीड हजार वीस जणींत वाटले जातात, वाट्याला पंचाहत्तर. त्या महिन्यात प्रत्येकीने पाचशेऐवजी चारशे पंचवीसच काढायचे. शेवटपर्यंत थांबणारीला पूर्ण दहा हजार, आणि मधल्या सगळ्या सवलती तिच्या खिशात. घाईची किंमत काय आणि धीराची काय, हे इतक्या उघडपणे दुसरा कुठला व्यवहार सांगत नाही. व्याज, कर्ज, ठेव, जोखीम, सगळं एका सतरंजीवर. अशा व्यवहारांसाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे, तो या सतरंजीवर बसलेल्यांना बहुधा ठाऊक नसतो. भिशी चालते ती विश्वासावर, आणि बुडते तीही त्याच विश्वासावर, आयोजक बाई सहा महिन्यांनी बदली होऊन गेली की.

दारोदार फिरणारी आणखी एक बाई होती, आणि आहे. १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे, हप्ते घरोघर जाऊन गोळा करणाऱ्या महिला एजंट नेमल्या गेल्या. कमिशन चार टक्के. हजाराचा हप्ता असला तर चाळीस रुपये. थर्मलसारख्या वसाहतीत हे काम जमून येतं, कारण घरं दाटीने आणि पगार एकाच दिवशी. ‘आरडीच्या ताई’ पहिल्या आठवड्यात येत, कार्डावर सही करत, चहा घेत, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय ते सांगत. पाच वर्षांच्या साठ हप्त्यांनी शाळेची फी, मंगळसूत्र किंवा फ्रिज निघे. आजच्या ६.७ टक्के दराने महिना हजार भरले तर साठ हजारांचे ७१ हजार ३६६ होतात. शेअर बाजारवाले यावर हसतात. पण ज्या बाईला बँकेत जायला नवऱ्याची सुट्टी लागायची, तिच्या स्वतःच्या नावावरचं ते पहिलं खातं होतं.

या सगळ्यात घर कुठे होतं? क्वार्टर होतं ना. कॉलनीतल्या राहणीचा हाच छुपा सापळा. स्वस्त भाडं, पाणी-वीज हाताशी, शाळा जवळ. पंचवीस वर्षं माणूस दुसऱ्याच्या भिंतींना रंग देतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी किल्ली परत करतो. ज्यांना हे वेळेत उमगलं त्यांनी वेतनकराराचे एरियर्स आले की नाशिकरोडला, जेलरोडला, दसक-पंचकच्या बाजूला प्लॉट घेतला. दुसऱ्या पावलावर ठेच होतीच. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून असताना शेतजमिनीचे असे तुकडे स्टॅम्प पेपरवर विकले गेले. सातबाऱ्यावर पंधरा जणांची सामायिक नावं आणि जागेवर चुन्याच्या रेघा. २००१ मध्ये राज्याला गुंठेवारी नियमित करण्याचा वेगळा कायदाच करावा लागला. जमीन बिगरशेती झाली आहे का, म्हणजे ‘एनए आहे का?’, हे तीन शब्द न विचारण्याची किंमत काहींनी आयुष्यभराच्या सोसायटीच्या कर्जाएवढी मोजली. विचारणारे आज तिथेच दुमजली घराच्या ओट्यावर बसलेले दिसतात.

बाजाराचा वारा वसाहतीपर्यंत पोचला तो ‘युनिट’च्या रूपाने. १९६४ ची युनिट ६४ ही म्युच्युअल फंड योजना सरकारी म्हणून सुरक्षित, असा सरळ समज. २ जुलै २००१ रोजी तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी गोठवली गेली तेव्हा ‘सरकारी’ आणि ‘सुरक्षित’ यांच्यात अंतर असू शकतं हे पहिल्यांदा कळलं. पुष्कळांनी त्यातून चुकीचाच निष्कर्ष काढला, की बाजार म्हणजे जुगार. आणि पुढची वीस वर्षं ते त्या वाटेला फिरकले नाहीत.

खरी परीक्षा निवृत्तीच्या दिवशी. पस्तीस वर्षं ज्याने पैसा कापून घेतलेला पाहिला, त्याच्या खात्यात एका आठवड्यात सीपीएफ, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी येऊन पडतात. ग्रॅच्युइटीचा हिशेब १९७२ च्या कायद्यातला: शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. मूळ आणि महागाई मिळून तीस हजार आणि पस्तीस वर्षं धरली तर ६ लाख ५ हजारांच्या वर. जमिनीच्या मोबदल्याचा चेक दुसऱ्या वेशात येणार म्हटलं होतं, तो हा. सत्कार, शाल, श्रीफळ, आणि दुसऱ्या दिवशीपासून दारात माणसं. मुलाला दुकान टाकून द्या. जावयाच्या फ्लॅटला टोकन हवंय. बँकेतला साहेब स्वतः घरी चहाला येतो आणि पाच वर्षांची पॉलिसी सुचवतो. आणि कुणीतरी ओळखीचा, चांगल्या घरचा, दामदुपटीच्याही पुढची गोष्ट काढतो.

नाशिक जिल्ह्याने ही गोष्ट ठळकपणे पाहिली आहे. २०१४ मध्ये केबीसी मल्टिट्रेड या कंपनीविरुद्ध इथे गुन्हे दाखल झाले. तीन वर्षांत तिप्पट, असं ते आश्वासन. दोन वर्षांनी मैत्रेय समूहाविरुद्ध नाशकातच तक्रार नोंदली गेली. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा अशा वेळी कामी येतो, पण तो येतो मागाहून. तीन वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला ४४ टक्के. असा दर कुठल्या धंद्यातून निघेल, हा भागाकार करायला दहावीही लागत नाही. पस्तीस वर्षं पगारपत्रक बारकाईने वाचणाऱ्या माणसालाही तो त्या दिवशी का सुचत नाही? याचं एक उत्तर पेन्शनमध्ये आहे. मंडळाच्या लोकांना सरकारी नोकरासारखी पेन्शन नाही. १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिचा हिशेब १५ हजारांच्या पगार-मर्यादेवर चालतो. पस्तीस वर्षं धरली तरी महिना ७,५००. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये. ज्याची दरमहाची चूल हातातल्या एका ठोक रकमेवर पेटायची आहे, तो जास्त टक्के शोधणारच. त्याला हाव म्हणणं सोपं आहे. २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना आली, सुरुवातीचा दर ९ टक्के, मर्यादा १५ लाख. २०२३ मध्ये ती ३० लाखांवर गेली. कॉलनीतल्या जुन्या मंडळींत ज्यांची म्हातारपणं निवांत गेली त्यांच्या पासबुकात बहुधा हीच कंटाळवाणी नोंद सापडते.

जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, थर्मल महानिर्मिती या कंपनीकडे गेलं. पहिले दोन संच बंद झाले. नवा मोठा संच येणार ही बातमी अनेक वर्षं येते आहे. कॉलनीतली पुष्कळ क्वार्टर्स रिकामी. कामावर आता कंत्राटी माणसं बरीच, आणि त्यांचं पगारपत्रक आखूड असतं. भविष्य निधीची नोंद आहे, त्यांना २०१४ पासून बारा आकडी यूएएन क्रमांकही मिळाला आहे आणि मोबाइलवर शिल्लक पाहता येते. सोसायटीची नोंद नाही, क्वार्टरची नाही, एलआयसीच्या हप्त्याची नाही. म्हणजे कापलं कमी जातं, हातात पडतं त्यातलं जास्त, पण मुळातलंच कमी. त्यांच्यातल्या तरुणांच्या फोनवर डिमॅट खातं असतं, पाचशेची एसआयपी असते, आणि त्याच फोनवर सात मिनिटांत कर्ज देणारं अॅपही. ज्या शिस्तीसाठी पूर्वी कायदा, खजिनदार आणि कलम ४९ लागायचं, ती आता अंगठ्यावर सोपवलेली आहे.

आरडीच्या ताई मात्र अजून येतात. पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो, नाहीतर शंभराला एक रुपया दंड. मंडळाच्या पगाराला ही तारीख कधी अडचणीची नव्हती. कंत्राटदाराचं बिल अडकलं की पगार अठरा-वीसला होतो. मग बऱ्याच ताई पोस्टाच्या काउंटरवर आपला लॉट भरताना अशा घरांचा हप्ता स्वतःच्या पर्समधून घालतात आणि छोट्या डायरीत नावापुढे रक्कम लिहून ठेवतात. पाचशेच्या खात्याला दंड पाच रुपये झाला असता. कमिशन वीस रुपये.